लघुग्रह म्हणजे अखंड कातळ नव्हे

मा. संपादक,

'स्टेडियमएवढा दगड पृथ्वीजवळून जाणार' अशी बातमी आली की आमच्या देवगडात मासळी बाजारापासून एसटी स्टँडपर्यंत चर्चा रंगते. किती अंतरावरून जाणार, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत. तो 'दगड' आहे कसा, हे तर कुठेच नाही. खरी गंमत तिथेच आहे. सुमारे ४९० मीटर व्यासाचा बेन्नू हा लघुग्रह घ्या. त्याची घनता पाण्यापेक्षा जेमतेम जास्त, आमच्या सड्यावरच्या छिद्राळ जांभ्याहूनही कितीतरी कमी! गुरुत्वाकर्षणाने कसाबसा एकत्र धरलेला धोंडे-खडीचा ढीग तो, आत निम्मी जागा रिकामीच. २०२० मध्ये नासाच्या यानाचा हात नमुना घ्यायला टेकला तो जवळजवळ अर्धा मीटर आतच गेला. उलट सुमारे ५२५ किलोमीटरचा वेस्टा. त्याला कवच, प्रावरण आणि लोहाचा गाभाही आहे.

अपोफिस हा लघुग्रह भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, धडकणार नाही. तेव्हा तरी मथळ्यात 'संकट' न छापता तो कशाचा बनला आहे, यावर एखादी चौकट द्यावी.

– एक वाचक, देवगड (सिंधुदुर्ग)