औषधाचा पुरावा आणि माझ्या पाटल्या

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,
स. न.

काल पतपेढीचा शेवटचा हप्ता भरून गहाण ठेवलेल्या पाटल्या घरी आणल्या. ज्यांच्या उपचारासाठी त्या ठेवल्या, ते माझे यजमान ५ मे २०२१ लाच कोरोनाने गेले.

"रेमडेसिव्हिर लागेल, सहा आणा," एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. धाकटे दीर साताऱ्याहून पुण्यापर्यंत फिरले. एक इंजेक्शन १८ हजारांना, तेही पावतीशिवाय. मग प्लाझ्मा, म्हणजे कोरोनातून बऱ्या झालेल्याच्या रक्तातला द्रव भाग. मुलाने रात्रभर दाता शोधला. बर्फाच्या डब्यातली ती पिवळसर पिशवी मांडीवर धरून तो मोटारसायकलवर मागे बसून आला. ह्यांचा ऑक्सिजन काही वर सरकला नाही. १७ मेला आमच्याकडे तेरावं होतं, आणि त्याच दिवशी सरकारने प्लाझ्मा उपचारांतून काढून टाकला.

साहेब, एवढा उशीर का? आयसीएमआरच्याच, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच, प्लाझ्मा चाचणीचा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला होता. ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. आजार बळावलेले किंवा दगावलेले रुग्ण प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८. नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दाखल रुग्णांना रेमडेसिव्हिर देऊ नये म्हटलं. ती शिफारस सशर्त होती, पुढे बदललीही. पण आम्हाला ती सांगितली कुणी? सरकारच्या एप्रिल २०२१ च्या तक्त्यात हे दोन्ही उपचार 'मर्यादित पुराव्यावर आधारित' या मथळ्याखाली होते. इंग्रजीत. माझ्या हातातल्या चिठ्ठीवर फक्त 'अर्जंट' लिहिलेलं होतं.

दर नोव्हेंबरला मी जिवंत असल्याचा दाखला देते, तेव्हा ह्यांची पेन्शन चालू राहते. वारसनोंदीला पुरावा, रेशनकार्डाला पुरावा, झेरॉक्सवर झेरॉक्स. गरिबाकडे पुरावा मागताना या सरकारला कधी घाई नसते, आणि गरिबाच्या शिरेत औषध सोडताना कुणी पुरावा मागत नाही. विचारलं तर डॉक्टर सरकारकडे बोट दाखवतात, सरकार डॉक्टरांकडे.

उपचारामागचा पुरावा किती भक्कम आहे ते ठरवण्याची 'ग्रेड' नावाची पद्धत आहे. तीत पुराव्याच्या चार पायऱ्या आहेत: उच्च, मध्यम, कमी, अत्यंत कमी. शिफारस ठाम की सशर्त, तेही त्यात वेगळं सांगतात. प्रत्येक शिफारशीपुढे हे मराठीत छापा, आणि नातेवाइकांची सही घेण्याआधी वाचून दाखवणं बंधनकारक करा. 'कमी' हा एक शब्द त्या रात्री कानावर पडला असता, तर माझा मुलगा रस्त्यावर नसता, बापाच्या वॉर्डाच्या दाराशी असता.

हे कधीपासून करणार, ते तारखेसह लेखी कळवा.

आपली,
एक नागरिक, जि. सातारा