काकांच्या जनताची तबकडी

सोलापूर,
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो दोन्ही मिळाले. तबकडी नव्याने छापून घ्यावी का, या तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. काकांच्या एचएमटी जनता घड्याळाची तबकडी नव्याने छापून घेऊ नको. दुकानदार 'दोन दिवसांत कोरी करून देतो' म्हणतो, म्हणजे काय करतो ते ऐक. जुना रंग उतरवायचा, खालचा पत्रा घासायचा, नवा रंग मारायचा आणि छाप्याने अक्षरं उमटवायची. कारखान्यातली मूळ अक्षरं बारीक असतात, भिंगाखाली त्यांच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ दिसतात. नव्या छपाईत शाई जाड बसते आणि पसरते. मिनिटांच्या रेषा आकड्यांसमोर येत नाहीत, सहाच्या खालची बारीक ओळ कडेला अर्धी कापली जाते. अशा रंगवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते नाव वाईट अर्थानेच घेतलं जातं. आतलं मशीन कितीही मळलेलं असलं तरी धुता येतं, भाग मोडला तर दुसऱ्या मशीनचा बसवता येतो. तबकडी एकदा घासली की गेली.

फोटोत चारच्या आकड्याजवळ चहा सांडल्यासारखा पिवळा डाग दिसतो. तिथे वरचं लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, जुनं झालंय. तो डाग राहू दे. हवेच्या फुग्याने धूळ उडव, मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटक, बस. ओला कापूस लावायचा मोह टाळ. अक्षरं बऱ्याचदा लॅकरच्या वर छापलेली असतात, त्यामुळे डागाच्या आधी अक्षरंच कापसावर येतात.

आता मशीनकडे वळू. एचएमटीने १९६१ साली बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं करायला सुरुवात केली, आणि काकांच्या जनतामध्ये बहुधा १७ खड्यांचं (खडे म्हणजे चाकांच्या अक्षांची टोकं ज्यात फिरतात ती माणकं) ०२३१ हे मशीन असेल. झाकण उघडल्यावर मशीनवरचा आकडा वाचून मला कळव, भाग शोधताना तो लागतो. हे मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४,३२,०००. इतक्या ठोक्यांत दिवसाला वीस-तीस सेकंदांचा फरक पडला तर या वयाच्या घड्याळाला नावं ठेवू नयेत.

तू लिहिलंस की चावी पूर्ण भरलीय पण घड्याळ चालत नाही, म्हणजे कुणीतरी जास्त चावी दिली असावी. हा समज घरोघर आहे आणि तो चुकीचा आहे. मेनस्प्रिंग, म्हणजे चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग, पूर्ण भरली की चावी थांबते, एवढंच. घड्याळ अडतं ते तेल सुकून डिंकासारखं झाल्यामुळे. स्प्रिंगमध्ये जोर असतो, पण तो शेवटच्या चाकापर्यंत पोचत नाही. अशा घड्याळाला झटके देऊन चालू करू नकोस. सुकलेल्या तेलात धूळ मिसळलेली असते आणि ती पॉलिश पेपरसारखी खुंट्या, म्हणजे अक्षांची बारीक टोकं, झिजवते.

काकांच्या घड्याळात धुळीखेरीज आणखी एक गोष्ट सापडेल. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलच्या लूमवर जी कापसाची लव उडते ती हातावरच्या घड्याळात चावीच्या भोकातून शिरते. चावीतलं रबराचं वॉशर कडक झालं की तिला वाट मोकळीच. एस्केप व्हीलचा, म्हणजे शेवटच्या चाकाचा, दात भिंगातून पाहिलास तर कधीकधी त्यात एकच पांढरा तंतू अडकलेला दिसतो, पापणीच्या केसाहूनही बारीक. तेवढा एक तंतू घड्याळ बंद पाडायला पुरतो. तेलात भिजलेला असेल तर तो वातीसारखा खड्यातलं तेल ओढून बाहेर आणतो, आणि खुंटी कोरडी फिरत राहते. म्हणून सोलापुरातून आलेलं घड्याळ आधी भिंगाखाली धरायचं, तेलाची बाटली नंतर.

हत्यारांवर फार खर्च नको, पण दोन गोष्टींत काटकसर करू नकोस: चिमटा आणि स्क्रू-ड्रायव्हर. चिमटे दोन घे, ३ नंबरचा आणि ५ नंबरचा. ड्रायव्हर ०.८, १.०, १.२ आणि १.६ मिलिमीटरचे. पातं स्क्रूच्या खाचेत पूर्ण रुंदीने बसलं पाहिजे. लहान पातं घसरलं की ब्रिजवर (चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीवर) जी रेघ उठते ती कायमची. दहा पटीचं भिंग, हवेचा फुगा, रोडिको (धूळ टिपणारा चिकट गोळा), बोटांच्या रबरी टोप्या आणि झाकणाच्या पारदर्शक डब्या. घामाचे ठसे पितळावर काही दिवसांतच काळे पडतात आणि पोलादावर गंजतात, म्हणून टोप्या सोडू नकोस. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर लव आणि बारीक स्प्रिंगा दोन्ही उडतात. उन्हाळ्यात इथे बेचाळीस अंशांत पंख्याशिवाय बसवत नाही, त्यामुळे हे काम सकाळी सहा ते आठचं. तुमच्या डोंबिवलीच्या दमट हवेतही सकाळच बरी. टेबलावर टर्किश टॉवेल अंथरू नको, गुळगुळीत पांढरा कागद अंथर.

सोडवताना क्रम महत्त्वाचा. झाकणाच्या कडेला एकच खाच असेल तर ते दाबून बसवलेलं आहे, सहा-सात खाचा असतील तर आट्यांचं. आधी स्प्रिंगचा जोर उतरव: चावी बोटांत घट्ट धर, दुसऱ्या हाताने क्लिक (चावी उलटी फिरू न देणारी खिट्टी) जरा बाजूला दाब आणि चावीला बोटांतून हळूहळू उलटं फिरू दे. एकदम सोडलंस तर क्लिक किंवा चाकाचे दात जातात. जोर उतरला की नाही हे पाहायला पॅलेट फोर्क (एस्केप व्हीलचे दात एकेक करून सोडणारी फांदी) सुईच्या टोकाने किंचित हलव. ती झटकन पलीकडे उडाली तर जोर अजून शिल्लक आहे. मग चावीची खुंटी, म्हणजे दांडा, काढ. तिच्याजवळचा बारीक स्क्रू एक-दीड फेराच सैल कर. पूर्ण काढलास तर आतला लिव्हर तबकडीखाली सुटतो आणि तो बसवायला तबकडी काढावी लागते.

काटे काढताना तबकडीवर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेव, त्याला भोक पाडून. तबकडी धरणारे दोन स्क्रू मशीनच्या कडेला असतात, ते अर्धा फेरा सैल केले की पुरे. तबकडी सुटली की लगेच डबीत, तोंड वर करून. ती कामाच्या टेबलावर राहता कामा नये.

त्यानंतर बॅलन्स, म्हणजे झोके घेणारं चाक, आणि इथे घाई अजिबात नको. बॅलन्सला वरून धरणाऱ्या पट्टीला कॉक म्हणतात. कॉकचा स्क्रू काढला की कॉकच्या कडेच्या खाचेत पातं घालून ती जराशी उचल. चिमट्याने सरळ वर घेतलीस की चाक हेअरस्प्रिंगला, म्हणजे त्याच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, लटकत येतं, हवेत सावकाश गोल फिरतं. ते लटकतं तेवढ्याने स्प्रिंग ताणून खराब होत नाही, पण चाक खालच्या भागाला अडकलं आणि तू ओढलंस तर स्प्रिंगचा शंकू होतो. तो सरळ करणं पहिल्या वर्षात जमत नाही. त्यामुळे उचलताना चाक कुठे धरलंय का ते पाहून हात हलका फिरव, मग कॉक उलटी करून डबीत ठेव. बॅलन्सच्या खुंटीची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, आपल्या केसाएवढी.

पुढे पॅलेट फोर्क, मग वरची दोन चाकं. यातल्या क्राउन व्हीलचा स्क्रू बऱ्याच मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. सुटत नसेल तर जोर लावण्याआधी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बघ. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढ आणि स्क्रू त्या त्या भागाबरोबर वेगळ्या डबीत ठेव. लांबट स्क्रू चुकीच्या जागी गेला तर खाली चाकाला टेकतो.

धुण्याबद्दल. चाकं, ब्रिज, मुख्य प्लेट पांढऱ्या पेट्रोलमध्ये दहा-पंधरा मिनिटं भिजव, मऊ ब्रशने घास, मग स्वच्छ पेट्रोलमध्ये परत एकदा. खड्यांची भोकं टूथपिकला बारीक टोक काढून फिरवून साफ कर. टोक काळं निघायचं थांबेपर्यंत नवी काडी घेत राहा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये खळबळून हवेने वाळव. पण पॅलेट फोर्क आणि बॅलन्स अल्कोहोलमध्ये चुकूनही टाकू नकोस. त्यांचे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना फक्त पेट्रोल, तेही मिनिटभर. हे सगळं खिडकी उघडी ठेवून, गॅस आणि उदबत्ती लांब ठेवून.

मेनस्प्रिंग मशीनमधल्या तिच्या गोल डबीतून बाहेर काढलीस की तिचा आकार बघ. चांगली स्प्रिंग मोकळी झाल्यावर इंग्रजी एस अक्षरासारखी उलगडते. नुसतं लहान वेटोळं करून बसली तर ती थकलीय, नवी घालावी लागेल. त्यासाठी पट्टीची रुंदी, जाडी, लांबी आणि डबीचा आतला व्यास, अशी चार मापं कॅलिपरने घे. जुनी स्प्रिंग हाताने परत भरू नकोस, ती तिरकी होऊन झाकणाला घासते.

आता जोडणी. ट्रेनचा, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या चाकांचा, ब्रिज ठेवल्यावर स्क्रू आवळण्याआधी सगळ्या खुंट्या आपापल्या खड्यात बसल्यात का ते बघ. ब्रिजवर बोट अलगद टेकवून चाकं एकेक हलव, सुटी वाटली तरच स्क्रू. बहुतेक खुंट्या इथेच मोडतात. फोर्क बसवण्याआधी चावीच्या दोन-तीन आट्या दे. चाकं सर्रकन फिरतील, मंदावतील आणि थांबता थांबता एस्केप व्हील क्षणभर उलटं फिरेल. हे उलटं फिरणं दिसलं की समज, ट्रेन स्वच्छ आहे. दिसलं नाही तर पुढे जाऊ नको, परत उघड.

तेल थोडंच लागतं. जलद फिरणाऱ्या चाकांना आणि बॅलन्सला मोबियस ९०१०, हळू फिरणाऱ्यांना दाट डी-५, पॅलेटच्या खड्यांच्या तोंडाला ९४१५. खड्याच्या वाटीत तेल अर्ध्यापेक्षा कमी राहिलं पाहिजे. जास्त झालं तर ते कडेला चढून पसरतं आणि खुंटीपाशी काहीच उरत नाही. फोर्कच्या खुंट्यांना तेल अजिबात नको. अनेक जण तिथेही थेंब सोडतात आणि मग घड्याळ का मंदावलं ते शोधत बसतात.

चालू झाल्यावर एक दिवस तसंच ठेव, मग टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) घे. पूर्ण चावी दिलेली, तबकडी वर: बॅलन्सचा झोका २७० ते ३०० अंश आला तर काम उत्तम झालंय. २२० च्या खाली असेल तर कुठेतरी घाण किंवा थकलेली स्प्रिंग आहे, रेग्युलेटर (चाल कमी-जास्त करणारा दांडा) हलवून ते सुटत नाही. उभ्या स्थितीत वीस-चाळीस अंश कमी होणं नेहमीचं. बीट एरर, म्हणजे 'टिक' आणि 'टॉक'मधल्या वेळांचा फरक, १ मिलिसेकंदाच्या आत असावा. घड्याळ अचानक काही मिनिटं पुढे जायला लागलं तर आधी होकायंत्र जवळ धर, सुई हलली तर त्यात चुंबकत्व आलंय. मोबाईलच्या कव्हरमधले लोहचुंबक आणि स्पीकर यांनी ते होतं. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते. डीमॅग्नेटायझर चालू करून घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण बंद करायचं.

काच ॲक्रिलिकची आहे, तिच्यावरचे ओरखडे काढण्यासारखे आहेत. आधी मशीन केसमधून बाहेर. ८०० चा, मग १५०० चा, मग २००० चा पाणकागद ओला करून, दर वेळी आडव्याउभ्या दिशा बदलत, शेवटी पॉलिश. तडा असेल तर नवीन काच, व्यास ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजून. केसला मात्र बफिंग मशीन लावू देऊ नको, लग्जच्या (पट्टा अडकतो त्या शिंगांच्या) धारा जातात आणि घड्याळ साबणाच्या वडीसारखं दिसतं.

आता तुझ्याकडचं दुसरं घड्याळ, ते स्विस फाव्र ल्यूबा. त्याच्या काट्यांवरचा मळकट तपकिरी पदार्थ खरवडू नकोस. १९६० च्या आधीच्या घड्याळांत तो रेडियमचा असू शकतो, आणि त्याची भुकटी श्वासात जाणं धोक्याचं. ते उघडूच नको. तिसऱ्या घड्याळाची तारीख रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात बदलू नको, एवढं सध्या पुरे.

जनता चालू झालं की रोज वापर. चावी सकाळी, ठरावीक वेळी, मनगटावरून काढून. हातात असताना दिली तर खुंटीवर तिरका दाब येतो. तुझ्याकडची हवा खारी आहे, म्हणून चावीचं आणि झाकणाचं वॉशर नवं बसव, त्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट लाव. तरीही पाण्यापासून लांबच ठेव. पट्टा बहुधा १८ मिलिमीटरचा बसेल, मोजून घे.

झाकण उघडून फक्त आत बघ आणि मशीनचा फोटो पाठव, अजून काही सोडवू नको. आकडा कळला की मी नव्या पेठेत एखादं सुटं मशीन मिळतं का ते विचारून ठेवतो. सुरुवातीचा सराव त्याच्यावर कर, तीन-चार वेळा सोडवून जोडल्यावर काकांच्या मशीनला हात लाव. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येशीलच, तेव्हा बॅलन्स बसवायचं काम आपण दोघं मिळून करू. येताना घड्याळ हातावर नको, डबीत घालून आण.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, शेंगाची चटणी या वेळी किलोभर बाजूला काढून ठेवलीय.

तुझाच,
विजू