अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यातली संध्याकाळ: अविनाशला पत्र

अ‍ॅमस्टेलवेन,
२ जुलै

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरात तुम्ही दोघं इथे याल तेव्हा गांजा ओढत बसता येईल अशी संध्याकाळची बोट घ्यावी का, असं तू विचारलंस. फोनवर असलं बोलणं नेहमी अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहितोय. घ्या, जरूर घ्या. फक्त एक गोष्ट आधी पक्की लक्षात ठेव. कॉफीशॉपमध्ये, म्हणजे गांजा विकणाऱ्या इथल्या दुकानात, जास्त झालं तर माणूस उठून बाहेर मोकळ्या हवेत येतो. बोटीवरून उठून जाणार कुठे? तास-दीड तास तिथेच बसायचं असतं. म्हणून काय ओढायचं, किती ओढायचं, पोटात काय हवं, खिशात काय हवं, हे सगळं धक्क्यावर असतानाच ठरलेलं बरं.

आधी बोट कुठली ते. स्टेशनसमोर काचेच्या छपराच्या लांबलचक बोटी दिसतील. त्यांत कुठलंच धूम्रपान चालत नाही, त्यामुळे त्यांचा विचार सोड. आपल्याला हवी ती लहान, उघडी, विजेवर चालणारी बोट, आणि तिच्या तिकिटावर गांजा चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘धूम्रपान चालेल’ एवढ्यावर जाऊ नकोस, विचारून घे. सोबत आणखी तीन गोष्टी विचार: तंबाखू मिसळलेला जॉइंट (गांजाची वळलेली सिगरेट) चालतो का, वयाची अट किती (कुठे १८, कुठे २१), आणि बोटीवर संडास आहे का. उघड्या लहान बोटींवर तो बहुधा नसतोच. निघण्याआधी अर्ध्या तासात जाऊन यायचं आणि बोटीवर पाणी घोट-घोट प्यायचं, एवढाच त्यावर उपाय. बोटीवर गांजा विकत मिळत नाही. कोणी विकत असेल तर ती बोट टाळ. काही ठिकाणी कागद, लायटर, व्हेपरायझर (न जाळता वाफ ओढायचं यंत्र) देतात, पण माल आपला आपणच न्यायचा.

कायद्याचं नीट समजून घे, कारण आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की इथे गांजा कायदेशीर आहे. तो तसा नाही. १९७६ साली इथल्या अफू कायद्यात बदल करून गांजा आणि चरस हेरॉइन-कोकेनपासून वेगळे काढले. आजही गांजा विकणं हा गुन्हाच आहे, पण कॉफीशॉपने ठरावीक अटी पाळल्या तर कारवाई करत नाहीत. ग्राहक १८ वर्षांचा हवा, एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त द्यायचं नाही, दुकानात ५०० ग्रॅमपेक्षा जास्त साठा नको, जाहिरात नको, दारू नको, शेजाऱ्यांना त्रास नको. तुझ्यासाठी कामाचा आकडा ५ ग्रॅमचा. तेवढं जवळ असलं तर खटला भरत नाहीत, आणि तुला त्याच्या दहाव्या भागाचीही गरज पडणार नाही. काही शहरांत परदेशी माणसाला कॉफीशॉपमध्ये घेत नाहीत, अ‍ॅमस्टरडॅममध्ये घेतात. मूळ पासपोर्ट जवळ ठेव, मोबाइलमधला फोटो दाखवून भागेलच असं नाही. रोख युरोही असू देत, आपली कार्डं सगळीकडे चालत नाहीत.

रस्त्यावर कोणी कानाशी येऊन काही विकायला लागला तर थांबूही नकोस. २०१४ साली इथे कोकेन म्हणून पांढरं हेरॉइन विकलं गेलं आणि त्यात पर्यटकांचे जीव गेले.

आता खरेदी. इथले तयार जॉइंट बहुतेक तंबाखू मिसळलेले असतात. तू सिगरेट सोडलेली आहेस. मिश्र जॉइंटच्या पहिल्या दोन झुरक्यांतच तंबाखूने गरगरेल आणि दोष गांजाला जाईल, शिवाय सिगरेट पुन्हा लागण्याचा धोका आहेच. काउंटरवर ‘प्युअर’ हवं म्हणून सांग. पण शुद्ध जॉइंटचं गणित वेगळं असतं. इथल्या गांजात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, साधारण १५ टक्क्यांच्या आसपास धर. मिश्र जॉइंटमध्ये ०.३ ग्रॅम गांजा धरला तरी त्यात ४५ मिलिग्रॅम टीएचसी झालं. शुद्ध जॉइंट एक ग्रॅमचा असेल तर तेच १५० मिलिग्रॅम. बरंचसं जळून आणि हवेत उडून जातं हे खरं, तरी कॉलेजात चिलमीचे दोन दम मारल्याच्या हिशोबावर आज जाऊ नकोस. तेव्हाचा बी-काड्यांचा माल आणि हा, यांत फार फरक आहे. नावांवरही भुलू नकोस. सटायवा जातीचा म्हणजे तरतरी आणि इंडिका जातीचा म्हणजे झोप, हे दुकानातलं वर्गीकरण फार भरवशाचं नाही. त्यापेक्षा काउंटरमागच्या माणसाला सरळ सांग, ‘बऱ्याच वर्षांनी ओढतोय, बोटीवर जायचंय, सगळ्यांत हलकं दे.’ ही माणसं रोज हेच काम करतात आणि नीट सांगतात. टीएचसी कमी आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) जास्त असलेलं काही असेल तर तेच घे.

स्पेसकेक, म्हणजे गांजा घातलेला केक, मात्र बोटीसाठी अजिबात नको. ओढलेलं काही मिनिटांत कळतं, अर्ध्या तासात शिगेला पोचतं आणि दोन-तीन तासांत उतरतं. खाल्लेलं अर्ध्या तासाने चढेल किंवा दोन तासांनी, आणि मग सहा-आठ तास राहील. निघताना खाल्लं तर बोटीवर काहीच होत नाही, माणूस वैतागून वर दोन झुरके ओढतो आणि उतरल्यावर ट्रामस्टॉपवर दोन्ही एकदम अंगावर येतात. इथे पर्यटकांची फजिती होते ती बहुतेक याच पायी.

पोटाबद्दल. रिकाम्या पोटी नको आणि तडस लागेपर्यंतही नको. बोटीच्या दीड-दोन तास आधी नीट जेवून घ्या. सुरिनामी हॉटेलात रोटी आणि बटाट्याची भाजी मिळते. बिहार-उत्तर प्रदेशातून सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीत, गेलेल्या मजुरांबरोबर गेलेलं ते जेवण आहे, तुम्हा दोघांना आवडेल. त्या संध्याकाळी दारू घेऊ नकोस, एक बिअरसुद्धा नको. दारू पोटात असली की रक्तातलं टीएचसी आणखी वाढतं, आणि मळमळ-गरगर सुरू होते ती बहुतेकदा याच जोडीने. बोटीवर बिअर-वाइन ठेवलेली असेल, पुष्कळजण घेतीलही. तू लिंबू सरबत नाहीतर साधं पाणी घे. तोंडाला कोरड पडते, त्यासाठी लिमलेटच्या गोळ्या खिशात ठेव. चॉकलेटचा एखादा तुकडाही असू दे.

तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून मुंबईतच डॉक्टरांना स्पष्ट विचारून ये, लाजू नकोस. गांजाने नाडी जलद होते आणि बसलेला माणूस पटकन उठला तर दाब घसरून चक्कर येते. हलत्या बोटीवर तर जास्तच. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, हृदयाचा जुना आजार, घरात कोणाला मनोविकार असणं, गरोदरपण, यांपैकी काहीही असलं तर ओढू नये. बोट तशीही सुंदर असते.

वेळ. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथे सूर्य सव्वाआठच्या सुमाराला मावळतो आणि त्यानंतर अर्धा तास चांगला उजेड राहतो. साडेसात-पावणेआठची बोट घ्या, म्हणजे घरांच्या विटांवरचं ऊनही दिसेल आणि पुलांचे दिवेही. शुक्रवार-शनिवार टाळून मंगळवार किंवा बुधवार बघा. शनिवारी कालव्यात मद्यपी टोळक्यांच्या बोटी इतक्या असतात की निवांतपणा उरत नाही. पाण्यावर वारा थंड असतो आणि गांजाने थंडी जास्तच जाणवते. हॉटेलातून निघताना उकडत असलं तरी स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट हवंच.

धक्क्यावर रांगेत उभं असताना पेटवू नकोस. मे २०२३ पासून जुन्या शहराच्या वालेन भागात रस्त्यावर गांजा ओढायला बंदी आहे, दंड १०० युरो. त्या हद्दीत डाम चौक आणि डामराकही येतात, आणि बोटींचे कितीतरी धक्के नेमके डामराकवर आहेत. उतरल्यावरही तेच लक्षात ठेव.

जॉइंट वळायचा असेल तर कॉफीशॉपच्या टेबलावर वळून डबीत ठेव. उघड्या बोटीवर वाऱ्याने चुरा उडतो आणि शेजारून मोठी बोट गेली की सगळं मांडीवर सांडतं. बसायला मागची बाजू घे. पुढे बसून ओढलंस तर धूर आणि ठिणग्या मागच्यांच्या तोंडावर जातात, आणि गाद्यांना भोकं पडतात ती अशीच. निघाल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच करू नकोस, बोटीच्या हलण्याची शरीराला सवय होऊ दे. मग एक झुरका, लहान, छातीत कोंडून न ठेवता. कोंडल्याने नशा फारशी वाढत नाही, खोकला मात्र येतो. पंधरा मिनिटं थांब. बरं वाटत असेल तर दुसरा. तिसऱ्याची गरज पडू नये. उरलेला जॉइंट विझवून डबीत, थोटूक रक्षापात्रात. पाण्यात काही टाकायचं नाही.

तरीही जास्त झालंच तर काय होतं ते माहीत असलेलं बरं. चेहरा पांढराफटक पडतो, घाम सुटतो, मळमळतं, छाती धडधडते, आणि आपण मरतोय की काय असं वाटायला लागतं. उभं राहू नकोस. बोटीच्या मधोमध, खाली बस, कारण तिथे हेलकावा सगळ्यांत कमी असतो. लाटांकडे बघू नकोस, लांबच्या एखाद्या स्थिर गोष्टीवर, चर्चच्या मनोऱ्यावर नजर ठेव. पाणी घोट-घोट, तोंडात चॉकलेट. बोट चालवणाऱ्याला सांग, त्याला हे नवीन नसतं. तो हळू चालवेल, लागलंच तर जवळच्या धक्क्याला लावेल. अर्ध्या-पाऊण तासात ओसरायला लागतं. छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा उलट्या थांबेनात तर ११२ लावायचं आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगायचं. हे सगळं मेधावहिनींनाही वाचून दाखव. त्या ओढणार नाहीत हे उत्तमच, दोघांतलं एक पूर्ण शुद्धीवर असायलाच हवं. त्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसव.

स्वतः बोट भाड्याने घेऊन चालवण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाक. लहान बोटीला परवाना लागत नाही म्हणून लोक घेतात, पण नशेत बोट चालवणं गुन्हा आहे. कालव्यात वेगमर्यादा ताशी ६ किलोमीटर, उजवीकडून चालायचं, प्रवासी बोटींना वाट द्यायची, अरुंद पुलाखाली समोरून कोण येतंय ते बघायचं. ते काम शुद्धीतल्या माणसाचं.

आणि मग बघायचं काय, तर पुष्कळ. मार्ग बोटीगणिक बदलतो. आय नावाच्या रुंद जलमार्गात जाणारा मार्ग टाळ, तिथे फेरीबोटींच्या लाटा असतात. आतल्या कालव्यांतला मार्ग घे: प्रिन्सेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, हेरेनग्राख्त. १६१३ पासून खणायला घेतलेले हे कालवे २०१० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. घरांच्या माथ्यावर पुढे आलेली तुळई आणि तिला आकडा दिसेल. जिने इतके अरुंद की सामान आजही बाहेरून दोरीने वर चढवतात, आणि ते भिंतीला घासू नये म्हणून कितीतरी घरं मुद्दाम पुढे झुकवून बांधलेली आहेत. हेरेनग्राख्तवरून रेग्युलियर्सग्राख्तच्या तोंडाशी बोट आली की एकामागे एक सात पुलांच्या कमानी दिसतात. काळोख पडल्यावर दिव्यांनी प्रत्येक कमान पाण्यातल्या प्रतिबिंबासकट पूर्ण गोल होते. त्या वेळेला दुसरा झुरका नुकताच लागलेला असेल असं जमव. पुढे आम्स्टल नदीवर मागेरे ब्रुख हा लाकडी पूल, बाराशेवर दिव्यांचा.

क्लोव्हेनिर्सबुर्गवाल कालव्यातून गेलात तर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुख्यालयाची विटांची इमारत विचारून बघ. तुझ्या वेंगुर्ल्याची डच वखार, सतराव्या शतकातली, जिच्या पडक्या भिंतींवर आपण चढायचो, तिच्या कंपनीचा कारभार इथून चालत असे.

पुलांखालून जाताना मान खाली, हात आत. उतरताना आधी वहिनींना उतरू दे, मग तू, हात धरून, सावकाश. त्या रात्री सायकल नको, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भाड्याने घेणार असशील तर तीही नको. इथे लाळेची तपासणी करतात.

आणि शेवटचं, सगळ्यांत गंभीर. परतीच्या प्रवासात एक कणही सोबत नको. ब्रसेल्सच्या ट्रेनमध्येही नको आणि जर्मनीत तर मुळीच नको, तिथे गांजाला काही सूट असली तरी सरहद्द ओलांडून नेणं गुन्हाच. तुमचं विमान दुबईवरून आहे. तिथे जाकिटाच्या खिशातला चुरासुद्धा महागात पडू शकतो, आणि मुंबईत अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहेच. डबी, कागद, ग्राइंडर सगळं इथे टाकून द्या, खिसे उलटे करून झटका आणि जाकीट धुवायला माझ्याकडे ठेवा. थेट विमान थोडं महाग पडलं तरी मिळत असेल तर तेच बघ.

तारखा नक्की झाल्या की कळव, मंगळवारची बोट मी इथून सांगून ठेवतो. मेधावहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझा,
श्रीराम