सर, तुम्ही मला धनुष्य घेऊ दिलं नाही त्याबद्दल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचं काही बोलायला लागलो की तुम्ही "ते राहू द्या, आधी खांदा खाली घ्या" म्हणता. आठ महिने झाले, माझा खांदाही खाली आला नाही आणि आभारही मानून झाले नाहीत. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. शिवाय माझ्यासारखे आणखी चार जण मोबाईलवर धनुष्यानं शिकार करायचे तेच व्हिडिओ बघत बसले असणार, त्यांच्याही कानावर पडलेलं बरं.

मी पहिल्यांदा तुमच्याकडं आलो ते दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. पोळ्याच्या सुमारास रानडुकरांनी माझा दीड एकर मका लोळवला होता. कणसं खाल्ली त्याचं एवढं नाही, पण जी खाल्ली नाहीत तीही मोडून टाकली. शेजारच्या उसात दिवसभर पडून राहायचं आणि रात्री आमच्याकडं जेवायला यायचं, असा त्यांचा नेम. त्या रागात मी रात्र रात्र अमेरिकेतले व्हिडिओ बघत होतो. झाडावर मचाण, अंगावर पानापानांचे कपडे, हातात चाकांचं धनुष्य, आणि एका बाणात डुक्कर आडवं. मला वाटलं, हेच पाहिजे. आवाज नाही, परवान्याची बंदूक नाही, गावात बोभाटा नाही.

एका विक्रेत्याशी फोनवर बोलणं झालं होतं. कंपाउंड, म्हणजे तेच चाकांचं धनुष्य, ओढायला सत्तर पौंड जोर लागणारं, सोबत बारा बाण आणि पात्यांची टोकं, सगळं मिळून अठ्ठेचाळीस हजार. पाच हजार आगाऊ पाठवायचे बाकी होते. कुणीतरी म्हणालं, शाळेच्या मागच्या मैदानावर एक रिटायर सर पोरांना धनुर्विद्या शिकवतात, त्यांना एकदा विचार. मी विचारायला आलो नव्हतो सर, खरं सांगतो. मी हो म्हणवून घ्यायला आलो होतो.

तुम्ही पोरांचे बाण मोजत होतात. मान वर न करता विचारलंत, "कशासाठी घेऊलालाव?"

मी डुकराचं सांगितलं. तुम्ही बाण मोजून पूर्ण केलेत, पिशवीत घातलेत आणि मग शांतपणे म्हणालात, "मग धनुष्याच्या किमतीत वकिलाची फी पण धरा." वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, कलम ९, शिकारीला बंदी. रानडुक्कर आपल्या शेतात शिरलं म्हणून ते आपलं होत नाही. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि धनुष्य जप्त होतं ते वेगळंच. हे तुम्ही धाक घालायला सांगितलं नाहीत. खताच्या पोत्यावरची मात्रा वाचून दाखवावी तसं सांगितलंत.

मी तरी हट्टाला पेटलो. म्हणालो, अमेरिकेत तर बारकी बारकी पोरं मारतात. तेव्हा तुम्ही जे बसवून घेतलंत आणि हिशोब मांडलात, तो मी अजून लोकांना सांगतो. तिकडं शिकारीसाठी सज्ज म्हणून मिळणारा साधा कंपाउंड संच चारशे-पाचशे डॉलरच्या आसपास सुरू होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं झालं. पण त्यावर बाण आले, पात्याची टोकं आली, दोर सोडायचं मनगटाचं यंत्र आलं, अंतर मोजायची दुर्बीण आली, झाडावरचं मचाण आलं. मग दरवर्षीचा परवाना, बऱ्याच जनावरांसाठी टॅग, म्हणजे त्या जनावरापुरती परवानगी, वेगळा, बऱ्याच राज्यांत आधी शिकारीचा वर्ग करून प्रमाणपत्र. धनुष्य हा त्यातला निम्माच खर्च. आणि बाकी सगळं घेतलं तरी जनावर जखमी न करता पडेल एवढा नेम बसायला महिनोन् महिने सराव, तो तर व्हिडिओत कुणी दाखवतच नाही.

त्यात तुम्ही एक गोष्ट सांगितलीत ती डोक्यात बसली. आपल्याकडं हा कायदा झाला त्याच १९७२ साली अमेरिकेत धनुष्यबाणांवर ११ टक्के कर लावायचा कायदा झाला, आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. म्हणजे तिकडचा शिकारी धनुष्य घेतानाच जंगलाची वर्गणी भरतो. त्यांची व्यवस्था त्यांच्यापाशी, आपली आपल्यापाशी. व्हिडिओ बघून त्यांचा अर्धा भाग उचलला तर फक्त गुन्हा हातात राहतो. (हे शेवटचं वाक्य माझं आहे सर, तुम्ही एवढं बोलत नाही.)

एवढं झाल्यावर मी उठून जाणार होतो. तुम्ही म्हणालात, "आलाच आहात तर डोळा बघून जा."

दोन्ही तळहात पुढं करून मध्ये तिकोनी भोक ठेवायचं आणि त्यातून लांबचा विजेचा खांब बघायचा. मग एकेक डोळा मिटायचा. मी डावा मिटला आणि खांब गायब. उजवा मिटला तर खांब जागच्या जागी. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं, तीनदा केलं. तीनही वेळा तेच. मी उजव्या हातानं जेवतो, उजव्या हातानं कुदळ मारतो, पण नेम माझा डाव्या डोळ्याचा निघाला. म्हणजे मला धनुष्य डाव्या हातवाल्याचं लागणार, उजव्या हातात धरून डाव्यानं ओढायचं. आणि मी अठ्ठेचाळीस हजारांचं उजव्या हाताचं मागवणार होतो. त्या विक्रेत्यानं रंग कोणता हवा ते विचारलं होतं. डोळा विचारला नव्हता.

मग तुम्ही माझे दोन्ही हात पसरून टेपनं मोजलेत. साडेसदुसष्ट इंच. भागिले अडीच, सत्तावीस इंच. एवढीच माझी ओढ, म्हणजे दोर मागं येतो ते अंतर. ठरवलेलं धनुष्य तीस इंचांच्या ओढीचं होतं. आणि सत्तर पौंड? तुम्ही वीस पौंडांचं लाकडी धनुष्य हातात दिलंत आणि हनुवटीपर्यंत ओढून दहा आकडे मोजायला सांगितलंत. पन्नास किलोचं पोतं पाठीवर टाकणारा माणूस मी, सहाव्या आकड्याला हात लटलटायला लागला. पाठीमागं सातवीतली एक पोरगी तोंडावर हात धरून हसत होती. तिच्या हातात बावीस पौंडांचं होतं.

हात सोडायच्या बेतात होतो तेव्हा तुम्ही ओरडलात. त्याआधी आणि त्यानंतर तुम्हाला ओरडताना मी ऐकलं नाही. बाण न लावता दोर सोडायचा नाही, कधीच नाही. बाणाला जायचा जोर सगळा धनुष्यातच फुटतो, लिम्ब तडकतात, डोळाही जाऊ शकतो. हे 'लिम्ब' प्रकरण मला दोन आठवडे कळलं नव्हतं, हेही आज कबूल करतो. तुम्ही "लिम्ब नंतर बदलू" म्हणायचात आणि आपण बसायचो लिंबाच्या झाडाखाली. मला वाटायचं झाड तोडायचं चाललंय की काय. धनुष्याच्या वरच्या-खालच्या हातांना लिम्ब म्हणतात हे मला त्या सातवीतल्या पोरीनंच सांगितलं.

आता खर्चाचं, कारण लोक मला तेच विचारतात. चार महिने मी मैदानावरचंच धनुष्य वापरलं. पहिल्या महिन्यात माझ्या खिशातून गेले एकवीसशे रुपये. बोटांना लावायचा चामड्याचा टॅब, हाताला दोर लागू नये म्हणून आर्मगार्ड, आणि फायबरचे सहा बाण. बस. बाण मुद्दाम दोन इंच लांब घ्यायला लावलेत, नवशिक्याची ओढ पुढं-मागं होते आणि आखूड बाण धनुष्याच्या आत आला तर हातात घुसतो. आर्मगार्ड मी पहिल्या दिवशी लावला नव्हता. कोपराच्या आतल्या बाजूला वांग्याच्या रंगाचा डाग आठ दिवस होता. बायकोनं विचारलं, कुठं मार खाल्ला. मी डुकराचं नाव सांगितलं.

पाचव्या महिन्यात, बारा बाणांतले निदान नऊ चिंध्या भरलेल्या गोणीवर एका ताटाएवढ्या जागेत बसायला लागले, तेव्हा कुठं तुम्ही म्हणालात, "आता घ्या." तेही नवं नाही. लातूरच्या एका पोराचं सुटं होणारं लाकडी धनुष्य, डाव्या हाताचं, अडुसष्ट इंची, साडेसात हजारांत. डाव्या हाताचं गिऱ्हाईक मिळत नव्हतं म्हणून त्यानं हजार कमी केले, तेवढा माझ्या डोळ्याचा फायदा झाला. चोवीस पौंडांचे लिम्ब आहेत. जोर वाढला की फक्त लिम्ब बदलायचे, मधला दांडा तोच राहतो. म्हणजे सगळं मिळून दहा हजारांच्या आत मी धनुर्धर झालो. धनुर्धर म्हटलेलं तुम्हाला आवडणार नाही, बरं, दहा हजारांच्या आत मी रांगेत उभा राहिलो.

याच्या पुढचा रस्ता महाग आहे हेही तुम्ही लपवलं नाहीत. बांबूचं धनुष्य आणि लाकडी बाण घेऊन इंडियन राउंड, म्हणजे आपल्याकडचा स्पर्धेचा प्रकार, खेळायचा तर काही हजारांत भागतं. ऑलिम्पिकमधलं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं धनुष्य, सत्तर मीटरवाला संच, तो लाखांत जातो. कंपाउंडही तसंच. साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनला २०२३ मध्ये जगज्जेती झाली आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले, ते तुम्ही मोबाईलवर दाखवलंत तेव्हा माझ्या लक्षात आलं, अरे, हे तर तेच चाकांचं धनुष्य. मी डुकरासाठी घेणार होतो ते. २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्येही ते पहिल्यांदा येणार आहे, मिश्र सांघिक प्रकारात. तेव्हा आपल्या मैदानावरची ती सातवीतली पोरगी दहावीत असेल. तिच्या बापाला मी आतापासून सांगून ठेवलंय की पैसे साठव.

तुम्ही फी घेतली नाहीत. मी दोनदा पाकीट पुढं केलं, दोनदा तुम्ही दुसरीकडं बघितलंत. तिसऱ्या वेळी म्हणालात, "दुकानात रिकाम्या गोण्या असतील की." माझ्यासारख्या कृषी सेवा केंद्रवाल्याकडं दुसरं असतंच काय. त्या रविवारी आपण दोघांनी पाच टार्गेट भरली ते मला कायम लक्षात राहील. गल्लीतून गोळा केलेल्या जुन्या साड्या, फाटक्या चादरी, पोरांचे आखूड झालेले शाळेचे ड्रेस. बटणं आणि चेन आधी कापून काढायच्या, नाहीतर बाणाचं टोक आपटून वाकतं. एकेक थर टाकून मुसळानं ठेचायचा, कोपऱ्यांत हात घालून दाबायचा, की मध्ये पोकळी राहिली तर बाण आरपार. गोणीचं तोंड तुम्ही दाभणानं सुतळी ओवून शिवलंत, गादीवाला शिवतो तसे तिरपे टाके. माझ्या गोणीचे टाके आठवड्यात उसवले. तुमच्या चारही अजून तशाच आहेत.

डुकरांचं काय झालं, असंही लोक विचारतात. धनुष्याला ठेवलेल्या पैशातून मी आणि चुलतभावानं मिळून कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारं झटका मशीन घेतलं, बॅटरी आणि सोलर प्लेटसकट. घरच्या लाईटची तार कुंपणाला जोडू नका, माणसं मरतात, हे तुम्ही त्यालाही बजावलंत. मक्याच्या नुकसानीचा अर्ज वनखात्याकडं वेळेत करायचा असतो हेही मला तुमच्याकडूनच कळलं. मी तेव्हा पंचनामाच केला नव्हता, त्यामुळं त्या साली हात हलवत बसलो. रब्बीची ज्वारी मात्र राहिली. एका रात्री मशीन बंद पडलं होतं तेव्हा बांधावर तीन डुकरं दिसली, एक मोठी आणि दोन पिल्लं पट्ट्यापट्ट्यांची. धनुष्य घरात खुंटीला होतं. मी बॅटरी मारली आणि डबा वाजवला, ती उसात गेली.

आता एक चुकीची कबुली. मे महिन्यात मी तुम्हाला न विचारता मैदानावरचे दोन बाण शेतात नेले होते. गोणीमागं मातीचा ढीग केला होता, पण दोन्ही बाण गोणीच्या खालून गेले. काळी माती तुम्हाला माहीतच आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. जमिनीला घासत गेलेला बाण भेगेत शिरला की दिसतच नाही. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून अर्धा दिवस भेगेभेगेतून फिरवलं, तेव्हा टोकाच्या लोखंडाला धरून एक वर आला. पिसं मळलीत, पण सरळ आहे, तो रविवारी घेऊन येतो. दुसरा मिळाला नाही. मृगाचा पाऊस पडला की भेगा मिटतील. पेरणीच्या आधी पाळी घालताना कुळवाला लागला तर तोही आणून देतो, नाही लागला तर भरून देईन. पैसे घेणार नाही म्हणालात, तर दोन गोण्या जास्तीच्या आणतो. टाके मात्र तुम्हीच घालायचे.

आपला,
औसा तालुक्यातला डाव्या डोळ्याचा विद्यार्थी