डेनेट यांचा अर्धाच मुद्दा छापला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला यंत्रांच्या जाणिवेवरचा लेख वाचला. विषय घेतलात हे चांगले केलेत. पण लेखात डॅनियल डेनेट यांना ‘यंत्रेही विचार करू शकतील म्हणणारा अमेरिकी तत्त्वज्ञ’ अशा एका ओळीत गुंडाळले आहे आणि पुढचा मजकूर वाचून ते आजच्या चॅटबॉटचे पाठीराखे होते असाच समज होतो. डेनेट १९ एप्रिल २०२४ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी गेले. त्याच्या आदल्याच वर्षी ते या चॅटबॉटविरुद्ध कायदा करा म्हणून लिहीत होते. लेखात त्याचा उल्लेखही नाही, म्हणून हे पत्र.

लेखातला अर्धा भाग बरोबर आहे, तो आधी मान्य करतो. ऑक्सफर्डला तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांच्या हाताखाली शिकलेल्या आणि पुढे टफ्ट्स विद्यापीठात पन्नासहून अधिक वर्षे काढलेल्या या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट लावून धरली: मेंदूत कुठेतरी एक छोटे नाट्यगृह आहे, तिथे सगळे अनुभव येऊन पोहोचतात आणि ‘मी’ नावाचा कोणी खुर्चीत बसून ते पाहतो, ही कल्पना सोडून द्या. १९९१ च्या त्यांच्या जाणिवेवरील ग्रंथाचा गाभा हाच. मेंदूतल्या कुठल्याही एका पेशीला काही कळत नाही. न कळणाऱ्या अब्जावधी पेशींच्या धडपडीतून कळणारा माणूस तयार होतो. १९९७ साली एका इटालियन दैनिकाने त्यांच्या मुलाखतीला मथळा दिला होता: होय, आपल्याला आत्मा आहे, पण तो पुष्कळ छोट्या छोट्या यंत्रमानवांचा बनलेला आहे. डेनेट यांना तो इतका आवडला की ते पुढे स्वतःच तो सांगत असत. (मथळे देणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना हे जरूर सांगा.) आता पेशी हीच जर एक प्रकारचे यंत्र असेल, तर वेगळ्या मालमसाल्याच्या यंत्रात जाणीव कधीच येणार नाही असे तत्त्वतः म्हणता येत नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांना हे अजिबात पटत नसे, आणि दोघांचे या मुद्द्यावरचे भांडण जाहीर होते.

आपल्या लेखकांची गाडी इथेच थांबली. पण डेनेट यांचा दुसरा सिद्धान्त आजच्या घडीला जास्त कामाचा आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाबद्दल आपण सहज म्हणतो, ‘त्याला वजीर वाचवायचा आहे.’ त्याच्या पोटातल्या तारा आणि आज्ञा तपासत बसलो तर पुढची खेळी कधीच ओळखता येणार नाही. त्याला हेतू आहे, समजूत आहे असे धरून चाललो की लगेच अंदाज बांधता येतो. माणसे, कुत्री-मांजरे, यंत्रे, सगळ्यांशी आपण असेच वागतो आणि ते फायद्याचे ठरते. फायद्याचे असल्यामुळेच ही सवय आवरता येत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेत संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा हा संवादाचा साधा प्रोग्रॅम केला. आपण टाकलेले वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, यापलीकडे त्याला फारसे येत नव्हते. तरी तो बनताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेच थोड्या वेळात त्यांना सांगितले, तुम्ही जरा बाहेर जाता का, मला याच्याशी एकटीने बोलायचे आहे.

डेनेट यांच्या स्वतःच्या बाबतीतही असाच प्रकार झाला. काही संशोधकांनी त्यांचे लेखन जीपीटी-३ या मजकूर लिहिणाऱ्या संगणकीय प्रणालीला शिकवले, मग तेच दहा प्रश्न डेनेट यांना आणि यंत्राला विचारले. प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरे, त्यांतले एक डेनेट यांचे. त्यांचे साहित्य कोळून प्यालेल्या तज्ज्ञांना अस्सल उत्तर सुमारे ५१ टक्के वेळाच ओळखता आले. नुसत्या अंदाजाने २० टक्के आले असते, म्हणजे तज्ज्ञ अगदीच फसले नाहीत. पण निम्म्या वेळा फसले.

मग मे २०२३ मध्ये ‘द अटलांटिक’मध्ये त्यांनी लिहिले की बनावट माणसे तयार करणे आणि पसरवणे हा बनावट नोटांसारखाच गुन्हा ठरवावा. नोटा खोट्या निघू लागल्या की खऱ्या नोटेवरचाही विश्वास उडतो. समोर बोलणारा माणूस आहे की नाही याचीच खात्री उरली नाही तर लोकशाही चालणार कशी, हा त्यांचा सवाल. नोटांवरची खूण ओळखून काही झेरॉक्स यंत्रे छपाईच नाकारतात, तशी खूण यंत्राच्या बोलण्यात सक्तीने असावी आणि ती काढणाऱ्याला, तसेच न घालणाऱ्या कंपनीच्या वरिष्ठांना जबाबदार धरावे, अशी त्यांची मागणी होती.

यात कोलांटउडी कुठेच नाही. यंत्राला एक दिवस जाणीव येऊ शकेल हे वेगळे, आणि आज ते माणसाचे सोंग घेऊन पैसे किंवा मते काढून घेते हे वेगळे. पहिल्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्यासाठी थांबायचे कारण नाही. माझी आई एका बँकेच्या ॲपवरच्या साडीतल्या हसऱ्या ‘प्रिया’ला आधी ‘तू कुठली गं?’ असे विचारते आणि मग आपले काम सांगते. आईला जाणिवेची व्याख्या शिकवून उपयोग नाही. त्या चित्राखाली ‘हा संगणक आहे’ असे मराठीत लिहायला हवे. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील कायद्यात तशी तरतूद आहेही.

लेखाच्या शेवटी ‘हे सारे आपल्या उपनिषदांनी आधीच सांगितले’ असे आहे, त्याबद्दल थोडेच. पिठा-गुळात नसलेली नशा ते आंबवल्यावर येते, तशी जड भूतांच्या मिश्रणातून चेतना येते, असे म्हणणारे चार्वाकही आपलेच. डेनेट यांची सोयरीक लावायचीच तर ती त्यांच्याशी लागेल.

आता एक विनंती. आपल्या वृत्तपत्राच्या ॲपवर वर्गणीची चौकशी केली की ‘ईशा’ उत्तर देते. मोबाइल क्रमांक मागते, ‘मला तुमची अडचण समजते’ असेही म्हणते. ती कोण आहे हे पानावर कुठेही लिहिलेले नाही. तेवढी एक ओळ टाकायला सरकारी कायद्याची वाट पाहावी लागू नये. ती कधी टाकणार, हे या पत्राखाली छापावे.

आपला,
एक वर्गणीदार, सांगली