लिंबाखालच्या अडीच एकराबद्दल

पुणे,
22 जून

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. नमस्कार.

आई, चष्मा लाव आणि हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि तुझ्याकडं देतात, मग आपण दोघी भाजीपाल्यावर बोलत बसतो. म्हणून लिहितेय.

बाबा, मागच्या शनिवारी मी आले होते, तेव्हा दुपारी तुम्ही पडला होता आणि मी कारखान्याच्या गट ऑफिसला जाऊन आले. लिंबाखालच्या ज्या अडीच एकरात यंदा दीड वर्षाची आडसाली लावायची आहे, ते मी उसाच्या एआय योजनेत घातलं, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या. रानात यंत्र बसवून ओल मोजतात आणि मोबाईलवर मेसेज येतो, ती. आपल्या वाट्याचे 9 हजार भरले. अर्जावर सही माझी आहे. सातबाराच्या उताऱ्यावर माझं नाव तुम्हीच लावलंत. माझ्या लग्नात हक्कसोडीचा कागद पुढं आला तेव्हा तुम्ही मामांना काय बोललात, ते मला अजून शब्द न् शब्द आठवतं. एवढ्या वर्षांत त्या नावाचा उपयोग मी कधी केला नाही. पहिल्यांदा केला तो तुम्हाला न विचारता. तेव्हापासून मला घास गोड लागत नाहीये.

विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि तुम्ही नको म्हटल्यावर मला पुढं जाता आलं नसतं. मार्चमधली ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. दीड वाजता लाईट आली म्हणून तुम्ही मोटार सोडायला गेलात आणि पहाटे गणपाभाऊ तुम्हाला धरून घरी घेऊन आले. आई, तू मला दोन दिवसांनी कळवलंस, तेही "जरा चक्कर आली होती" म्हणून. मिरजेच्या डॉक्टरांनी पुढं काय सांगितलं ते आपल्या तिघांनाही माहीत आहे. आणि वरच्या मळ्यात बिबट्या दिसल्यापासून आई, तू रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात दारात बसून राहतेस. ते बाबांना माहीत नाही, पण मला माहीत आहे.

आता पैशाचं बोलते. मी बँकेत रोज दुसऱ्यांच्या कर्जाचे कागद तपासते, त्यामुळं आपल्या घरचा हिशेब डोळे झाकून केलेला नाही. या योजनेचा खर्च हेक्टरी 25 हजार आहे. त्यातले 9,250 व्हीएसआय, म्हणजे पुण्याची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट देते, 6,750 कारखाना देतो आणि 9 हजार आपले. आपली पट्टी साधारण एक हेक्टर. म्हणजे एकराला 3,600 रुपये. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला 3,550 जाहीर झाली होती, पण ती 10.25 टक्के साखर उताऱ्याला, आणि त्यातून तोडणी-वाहतूक जाते. म्हणून मी हातात टनाला तीन हजारच धरले. एकरी सव्वा टन ऊस जास्त निघाला की आपले पैसे फिटले. बारामतीच्या एआय प्लॉटवर टनेज किती वाढलं ते मोठमोठ्यानं सांगतात. तेवढं आपल्याकडं वाढेल असं मी धरलेलंच नाही. सव्वा टन धरलाय, बस्स.

आणि हेही सांगते, पूर्ण 25 हजार आपल्याला भरावे लागले असते तर मी सही केली नसती. मग एकरी सव्वातीन-साडेतीन टन ऊस नुसता खर्च फेडायला जास्त काढावा लागला असता, आणि त्याची खात्री आज कुणी देत नाही. खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, तर अजिबात केली नसती.

गेल्या वर्षीचं तुमच्या मनात असणार, ते कळतंय मला. पिकाचा सल्ला मोबाईलवर देणाऱ्या त्या कंपनीची वर्गणी मीच तुमच्या गळ्यात घातली होती. ती नुसती उपग्रहाच्या फोटोवर चालायची. नंतर मी शोधलं तेव्हा कळलं की तो फोटो मुळात फुकट मिळतो. सेंटिनेल-2 नावाचा उपग्रह आहे. त्याच्या फोटोतला एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे आपला एक गुंठा, त्यातही किंचित कमी. आपल्या अख्ख्या पट्टीचे शंभर ठिपके. दर 5 दिवसांनी फोटो येतो, पण जून ते सप्टेंबर वर ढग असले की खालचं काही दिसत नाही, आणि आडसालीला फुटवे येतात ते त्याच दिवसांत. वर्गणी वर्षाची आणि आडसाली उभी दीड वर्ष, म्हणजे पैसे दीडपट. तो माझा हिशेब चुकला होता. मोबाईलवर पिवळा पट्टा दिसला आणि खाली लिहून आलं की नत्र कमी आहे, युरिया द्या. तुम्ही काही बोलला नाहीत. खुरपं घेऊन सरीत बसलात, एक बेट उपटलं, मुळाशी खणलं आणि तळहातावर मुळं खाणाऱ्या तीन हुमण्या ठेवून मला दाखवल्यात. पांढऱ्या, जाड, वळवळणाऱ्या. पान पिवळं पडलंय एवढं वरून दिसतं. का पडलं, ते सांगायला माणूसच सरीत बसावा लागतो. या योजनेतही उपग्रह आहे, पण मी पैसे त्याच्यासाठी भरलेले नाहीत.

मी पैसे भरले ते जमिनीतल्या ओलीसाठी.

फेब्रुवारीत आपण ओढ्याकडच्या पट्टीत गेलो होतो. ऊस तुटून गेला होता आणि सरीच्या माथ्यावर पांढरा थर आला होता. तुम्ही वाकून तो बोटावर घेतलात, जिभेला लावलात आणि बोट धोतराला पुसलंत. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. ज्या पट्टीत एकरी 52 टन ऊस काढलात, तिथं यंदा 31 निघाला. बाबा, ही तुमची चूक नाही. कृष्णेकाठची काळी जमीन खोल, पाणी मुबलक, आणि लाईट कधी येईल ते ठाऊक नसल्यामुळं आली की सगळेच पाणी सोडून देतात. खालचं पाणी वर चढत जातं आणि येताना क्षार घेऊन येतं. वाळवा, मिरज, पलूस, सगळीकडं हेच झालंय. तुम्ही एकट्यानं केलेलं नाही ते.

ओढ्याकडच्या पट्टीत आत्ता यंत्र लावून उपयोग नाही. तिथं आधी सच्छिद्र पाईप घालून निचरा करावा लागेल, आणि शिवाय क्षार जास्त असले की या यंत्रांचे आकडेही फसवतात. ते पुढच्या वर्षी बघू. पण लिंबाखालची पट्टी अजून चांगली आहे, ती तशी होऊ द्यायची नाही एवढंच माझ्या मनात आहे. तिथं ठिबक आहे. 80 टक्के अनुदानावर आपण ते बसवलं, आणि तरीही वरून पाट सोडतो, कारण नळीखालची जमीन भिजल्यासारखी वाटत नाही. वरून कोरडी दिसते, पण फूटभर खाली मुळांत ओल असते. खांब रोवून बसवलेलं यंत्र दोन खोलींवर ती ओल मोजतं आणि सांगतं, आज पाणी नको. या "आज पाणी नको"साठी मी 9 हजार भरलेत. त्या रात्री तुम्हाला उठायचं नाही.

दादा म्हणाला, एवढंच असेल तर मोटारीला ऑटो बसवून दे, स्वस्तात काम होईल. पण गावात ज्यांनी ज्यांनी ऑटो बसवला त्यांचे बांध बघा. लाईट आली की मोटार आपोआप सुरू आणि सकाळपर्यंत पाणी तुंबलेलं. ओढ्याकडची पट्टी अशानंच जाते. म्हणून आधी ओल कळणारं यंत्र आणि त्याच्या जोडीला मोबाईल स्टार्टर घेतलाय. तो अंथरुणातून फोन लावून चालू होतो आणि बंदही होतो. विहिरीत पाणी कमी झालं तर मोटार स्वतः थांबते, जळत नाही. त्याचे साडेपाच हजार मी दिवाळीच्या बोनसमधून बाजूला ठेवले होते, घरखर्चातले नाहीत. ह्यांना सगळं सांगितलंय, ते खूश आहेत.

पावसाच्या अंदाजासाठी मात्र मी कुणाला एक रुपया देणार नाही. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी फुकट येतो, तो मी आईच्या फोनवर लावून दिलाय.

बाबा, तुम्हाला वाटेल आता मळा यंत्र बघणार आणि म्हाताऱ्याला खाटेवर बसवणार. तसं मनातसुद्धा आणू नका. ओल बघायला तुम्ही मूठभर माती घेऊन लाडू वळायचा, तो पोरांच्या डोक्याएवढ्या उंचीवरून खाली टाकायचा आणि फुटतो की नाही बघायचा, हे मी सहा वर्षांची असल्यापासून बघतेय. मोटारीच्या खोपटात पोत्यावर मला झोपवून तुम्ही पाण्याची दारं धरायला जायचात. बॅटरीचा उजेड सरीतून लांब लांब जाताना दिसायचा आणि तो वळून परत यायला लागला की मी डोळे मिटायची. अजूनही पुण्यात रात्री लाईट गेली की मला तोच उजेड आठवतो. तुमच्या हाताला जे कळतं ते त्या खांबाला कळणार नाही. पण तो रात्री दीड वाजता जागा राहील आणि तुम्ही झोपलेले असाल.

आणि नवीन गोष्टीचं तुम्हाला वावडं होतं कधी? 2002 साली उसावर लोकरी मावा ही कीड आली, तेव्हा गाव नुसतं कपाळाला हात लावून बसलं होतं. तुम्ही पानं डब्यात घालून एस.टी.नं पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर गेलात आणि नंतर मावा खाणाऱ्या डिफाच्या अळ्या आणून उसात सोडल्यात. आईनं त्या डब्यात पुन्हा कधी भाकरी बांधली नाही. मी तुमचीच मुलगी आहे, बाबा.

तुम्हाला काहीही शिकावं लागणार नाही. मेसेज मराठीत येतो, आईच्या फोनवर आणि माझ्या फोनवर. कॅमेरा नाही, आवाज नाही, रानात कुणी उठसूट येणार नाही. हे एक पीक बघू. आडसाली तुटल्यावर टनेज, लाईटबिल आणि खताच्या पावत्या घेऊन आपण तिघं सोप्यात बसू. सव्वा टनाची भरपाई झाली नाही तर पुढच्या लावणीला मी नाव काढून घेईन, आणि त्या कागदावर सही तुमची घेईन.

आता काही गोष्टी मात्र सांगितल्याप्रमाणे करायच्या. खांब रोवायला मुलं पुढच्या आठवड्यात येतील. जागा त्यांना ठरवू देऊ नका, तुम्ही दाखवा. तात्यांच्या बांधाकडं नको, तिथं वरचं पाणी झिरपतं, आणि लिंबाच्या सावलीतही नको. पट्टीच्या मधोमध, जिथली जमीन सगळ्या पट्टीसारखी आहे तिथं. यंत्र घातल्यावर माती चांगली दाबून घ्यायला सांगा, मध्ये पोकळी राहिली तर आकडा चुकतो. मोठ्या बांधणीला माती चढवायच्या वेळी बैलवाल्याला आधी दाखवून ठेवा, नाहीतर वायर तुटेल. पहिला महिना यंत्राचा आकडा आणि तुमचा लाडू, दोन्ही आईनं वहीत लिहायचं. जिथं जुळणार नाही तिथं मला फोन करायचा, मी ऑफिसला विचारेन. फोनवर कुणी ओटीपी मागितला, तो कारखान्याचं नाव सांगो की सरकारचं, द्यायचा नाही. आई, हे तुला.

बीपीची गोळी सकाळची सकाळीच. जेवताना वरून मीठ नाही, लोणच्याची बरणी मी येईपर्यंत माळ्यावर. आई, तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं असेल, दोन बाटल्या घेतल्यात. आष्ट्याच्या बाजाराला चालत जाऊ नकोस, गणपाभाऊंच्या पोराला सांग, तो गाडीवरून नेईल. मी त्याच्याशी बोलले आहे.

बाबा, रागावला असाल तर फोनवर रागवा. पण फोन उचला. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या शनिवारी पहाटेच्या गाडीनं येते. खांब रोवतात तेव्हा मला तिथं असायचंय. दिवसा रानात जाताना पायात घालायला गमबूट आणतेय. आठच नंबर ना? आई, जुना बूट उलटा करून बघ आणि मला कळव.

तुमची,
सुमी