आईबाबाले, जपानवरून

आई, बाबा, नमस्कार.

मी मजेत आहो. जेवण होते, झोप होते, व्हिडिओ कॉलवर तोंड बारीक दिसते ते कॅमेऱ्याचं आहे.

आई, एक्स-रेच्या कामानं रक्त बिघडते असं शेजारच्या काकूनं सांगितलं ना, ते डोक्यातून काढ. मी एक्स-रे काढतच नाही. आकाशातले एक्स-रे आपली हवाच अडवते, खाली येऊ देत नाही, म्हणून तर मॅक्सी नावाचा कॅमेरा २००९ मध्ये स्पेस स्टेशनवर बसवला. दीड तासात पृथ्वीची एक चक्कर, तेवढ्यात जवळपास सगळं आकाश पाहून होते. मी खाली खुर्चीत बसून आकडे पाहतो, बस. बाबा, त्यात पाहाचं काय म्हणता, तर काही ब्लॅक होल आपल्या नाल्यासारखे असतात, वर्षानुवर्षं कोरडे न् एका रात्रीत पूर. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून साचवत राहतात, मग तो तापून आत पडाले लागला का एक्स-रेनं भडकते. व्ही४०४ सिग्नी नावाचं १९८९ नंतर थेट २०१५ च्या जूनमध्ये भडकलं, न् काही आठवड्यांत पुन्हा थंड. म्हणून दिसल्याबरोबर जगभर कळवा लागते. त्या रात्री तुमचा फोन उचलला नाही तो अशाच कामामुळं, रागानं नाही. न् हे काम भारतात होत नाही का, तर होते, अॅस्ट्रोसॅट नावाच्या आपल्या उपग्रहावर असाच कॅमेरा पाठवला आपण २०१५ मध्ये. वापस याचा विचार आहेच माझा.

इथं डोकं फिरते ते कचऱ्यानं. पाण्याची बाटली फेकाची तर झाकण वेगळं, वरचं लेबल सोलून वेगळं, बाटली विसळून, चपटी करून वेगळी. जळणारा कचरा एका वारी, काच-डबे दुसऱ्या वारी, तेही सकाळीच. चुकलं का पिशवीले स्टिकर लावून तिथंच सोडून देतात, आख्ख्या गल्लीसमोर. रस्त्यावर कचरापेटी सापडत नाही, केळाचं साल खिशात घालून घरी आणतो मी.

पैसे टाकले. आधी पीककर्ज भरा, मोटर मागून. बाबा, डोळ्याचं ऑपरेशन कापूस निघेपर्यंत लांबवू नका, मी नाही तिथं म्हणून तर बिलकुल नाही. ताईच्या पोराच्या जावळाले आलो नाही, ती बोलत नाही माझ्याशी, तिले समजावून सांग आई. दारव्ह्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगी चांगली आहे, मी नाही म्हणून नाही राहिलो, पण तिले इथं येऊन राहाचं आहे का ते आधी विचारा, परस्पर होकार देऊन ठेवू नका. दिवाळीले येतोच. तिकीट काढाचं आहे अजून, ते मोठ्या बाबाले सांगू नका.